शब्द जुने, वस्तू नव्या!



गेल्या वर्षीची गोष्ट. माझ्याकडे चौथीचा वर्ग होता. शनिवारी शाळा सुटताना मी मुलांना गृहपाठ दिला, "रोज कानावर पडणारे, पण ज्यांचा खरा अर्थ आपल्याला ठाऊक नाही, असे पाच इंग्रजी शब्द लिहून आणा." सोमवारी वह्या गोळा केल्या. कुणी 'ब्रॉडकास्ट' लिहिलं होतं, कुणी 'डॅशबोर्ड', कुणी 'लॉग इन', कुणी 'क्लाउड'. एका मुलीची वही मात्र कोरी!

"का गं, अभ्यास नाही केलास?" मी विचारलं.

ती खाली मान घालून म्हणाली, "बाई, आमच्या घरी इंग्रजी नाहीच. आजी शेतात जाते, आजोबा बैलगाडी हाकतात. इंग्रजी शब्द शहाण्या माणसांचे असतात."

रागवायला उघडलेलं माझं तोंड तसंच मिटलं. खरं सांगू? लहानपणी मलाही अगदी असंच वाटायचं. मी स्पेलिंगं घोकायची, अर्थ घोकायची, पण शब्द काही आपलासा व्हायचा नाही. तो कुणा परक्या मोठ्या माणसाच्या घरातला वाटायचा.

त्या रात्री मी कपाटातला जाडजूड शब्दकोश काढला. शब्द मुळात कुठून आला हेही त्यात दिलेलं असतं. मुलांच्या वह्यांतला एकेक शब्द शोधत गेले आणि काय सांगू, मला हसूच फुटलं. एवढे नव्या यंत्रांचे शब्द, पण निघाले कुठून? कुणी शेतातून, कुणी तबेल्यातून, कुणी जहाजावरून! चला, तुम्हालाही त्यांची ओळख करून देते.

मेथीचा वाफा आणि रेडिओ

पहिला शब्द 'ब्रॉडकास्ट'. आपण तो रेडिओ-टीव्हीच्या संदर्भात वापरतो. हल्ली फोनवर एकच निरोप खूप जणांना पाठवायचा असला तरी हाच शब्द दिसतो.

त्याचे दोन तुकडे करा. 'ब्रॉड' म्हणजे रुंद, 'कास्ट' म्हणजे फेकलेलं. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधला शेतकरी मुठीत बी घ्यायचा आणि हात लांबवर फिरवत ते शेतात चौफेर उधळायचा. त्या पेरणीला म्हणायचे ब्रॉडकास्ट. तेव्हा रेडिओचा पत्ताही नव्हता.

पुढे बिनतारी यंत्र आलं. सुरुवातीला त्यावरून एका ठिकाणचा संदेश दुसऱ्या एका ठिकाणी जायचा, म्हणजे पत्रासारखाच. १९२० च्या सुमाराला मात्र नवीनच प्रकार सुरू झाला. एका ठिकाणाहून गाणी, बातम्या सोडायच्या आणि ज्याच्याकडे यंत्र असेल त्याने त्या ऐकायच्या. कुणाच्या कानात पडतील, सोडणाऱ्याला ठाऊक नाही! याला म्हणावं तरी काय? तेव्हा लोकांना मूठभर बी उधळणारा तो शेतकरी आठवला. १९२२ साली लंडनला बीबीसी सुरू झाली, तिच्या नावातला मधला 'बी' तो हाच. आपल्याकडे २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचं रेडिओ केंद्र सुरू झालं, त्या कंपनीच्या नावातही हा शब्द होता.

हे वाचलं आणि दुसऱ्याच दिवशी मी त्या मुलीच्या आजीला निरोप धाडला. दुपारच्या सुट्टीत आजी आल्या. म्हटलं, "आजी, मेथी कशी पेरता ते जरा पोरांना दाखवा की." आजींना नवलच वाटलं. "त्यात काय दाखवायचं बाई? फोकायची!" असं म्हणून त्यांनी मैदानातली मूठभर बारीक वाळू उचलली आणि मनगटाला एक झोक देऊन अशी काही फेकली, की चटईएवढ्या जागेवर ती सारखी पसरली. कुठे ढीग नाही, कुठे मोकळी जागा नाही.

"मुलांनो, हे ब्रॉडकास्ट!" मी म्हटलं.

आजी हसत म्हणाल्या, "अगं बाई! म्हणजे मला इंग्रजी येतंय की." आणि त्यांची नात? तिची मान आता वर झाली होती.

घोड्याच्या टापांचा चिखल

पुढचा शब्द डॅशबोर्ड. मोटारीत चालकाच्या समोर जी पट्टी असते, वेग आणि पेट्रोल दाखवणारी, तो डॅशबोर्ड. संगणकावरही सगळी माहिती एका नजरेत दाखवणाऱ्या पानाला डॅशबोर्डच म्हणतात.

पण डॅशबोर्ड मोटारीच्या आधीपासून होता, बरं का! एकोणिसाव्या शतकात लोक घोडागाडीतून फिरत. रस्ते कच्चे. पावसाळ्यात घोडा धावू लागला, की टापांनी चिखल उडायचा आणि थेट गाडीवानाच्या तोंडावर बसायचा. 'डॅश' म्हणजे जोरात आपटणं, उडवणं. हा उडणारा चिखल अडवायला गाडीच्या पुढच्या बाजूला लाकडाची किंवा चामड्याची एक फळी बसवत. ती फळी म्हणजे डॅशबोर्ड.

मग मोटारी आल्या. घोडा गेला, पण सुरुवातीच्या मोटारींना पुढची फळी तशीच राहिली. १९०१ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल नावाची एक मोटार निघाली. तिची पुढची फळी छान वळवलेली होती, म्हणून ती गाडी 'कर्व्हड डॅश' याच नावाने ओळखली गेली. पुढे त्या जागी वेग दाखवणारे काटे बसले, दिवे बसले. चिखल अडवण्याचं काम संपलं, नाव मात्र चिकटून राहिलं. आता तर संगणकाच्या पडद्यावर चिखल उडण्याचा प्रश्नच नाही!

घोड्यावरून आठवलं. शेतकरी म्हणतात ना, "विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटार बसवली"? जेम्स वॉट याने वाफेची इंजिनं विकताना गिऱ्हाइकाला समजावं म्हणून इंजिनाची ताकद घोड्यांच्या ताकदीत सांगितली. घोडा सगळ्यांच्या ओळखीचा, इंजिन अनोळखी. म्हणून ओळखीच्या मापाने अनोळखी वस्तू मोजली. एक हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे ७४६ वॅट. आणि 'वॅट' हे नावही त्या वॉटच्याच आडनावावरून आलेलं!

समुद्रात फेकलेला ओंडका

'लॉग' म्हणजे लाकडाचा ओंडका. मग 'लॉग इन' म्हणजे काय, ओंडक्यात शिरणं? उत्तरासाठी आपल्याला चारशे वर्षं मागे, शिडाच्या जहाजावर जावं लागेल.

भर समुद्रात ना झाड, ना दगड, ना घर. मग जहाज किती वेगाने चाललंय हे कळणार कसं? खलाशांनी एक युक्ती काढली. लाकडाची एक फळी घ्यायची, तिला लांबलचक दोर बांधायचा आणि जहाजाच्या मागच्या बाजूने ती पाण्यात टाकायची. फळी पाण्यावर एका जागी तरंगत राहते, जहाज पुढे जातं आणि दोर भराभर सुटत जातो. दोराला ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या. वाळूचं घड्याळ उलटं करायचं आणि वाळू संपेपर्यंत हातातून किती गाठी गेल्या ते मोजायचं. पुढे हे माप पक्कं झालं : वाळू २८ सेकंदांची, तर दोन गाठींमधलं अंतर ४७ फूट ३ इंच. आठ गाठी गेल्या तर वेग आठ 'नॉट'. नॉट म्हणजे गाठ! आजही जहाजांचा वेग नॉटमध्येच सांगतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर.

हा वेग एका वहीत लिहून ठेवायचे. ओंडक्याची वही, म्हणून ती लॉगबुक. हळूहळू त्या वहीत वारा, पाऊस, कोण पहाऱ्यावर होतं, सगळंच लिहू लागले. पुढे संगणक आले, तेव्हा कोणी किती वाजता काम सुरू केलं याची नोंद ठेवण्यालाही लॉग म्हणू लागले. आता तुम्ही लॉग इन करता, तेव्हा जणू त्या जुन्या वहीतच तुमची नोंद होते.

अशाच एका लॉगबुकात चक्क एक पतंग चिकटवलेला आहे! उडवायचा पतंग नव्हे हं, दिव्याभोवती फिरणारा किडा. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात 'मार्क टू' नावाचा खोलीएवढा संगणक बिघडला. तपासलं तर आत एक पतंग अडकलेला. तिथल्या लोकांनी तो काढून लॉगबुकात चिकटपट्टीने चिकटवला आणि खराखुरा 'बग' सापडल्याची नोंद केली. 'बग' म्हणजे किडा. यंत्रातल्या दोषाला बग म्हणण्याची पद्धत त्याआधीच होती. एडिसनने १८७८ च्या एका पत्रात तो शब्द तसाच वापरला होता. म्हणून तर त्या लोकांना खरा किडा सापडल्याची गंमत वाटली. आजही संगणकाच्या कार्यक्रमातली चूक म्हणजे बगच.

कॉम्प्युटर नावाचा माणूस

आता सांगा, कॉम्प्युटर म्हणजे काय? "यंत्र!" असं तुम्ही एका सुरात म्हणाल. माझ्या वर्गानेही तसंच म्हटलं. पण सतराव्या शतकापासून तीनशे वर्षं कॉम्प्युटर म्हणजे होता माणूस! आकडेमोड करणारा माणूस. जसा गाणारा गायक, तसा हिशेब करणारा कॉम्प्युटर.

असाच एक कॉम्प्युटर आपल्या देशात होऊन गेला. त्यांचं नाव राधानाथ सिकदार. ते कोलकात्याचे. १८३१ साली, वयाची विशी गाठायच्या आतच, ते भारताची मोजणी करणाऱ्या सरकारी खात्यात कॉम्प्युटर म्हणून लागले. पुढे १८४९ मध्ये ते मुख्य कॉम्प्युटर झाले.

त्या वेळी हिमालयातल्या शिखरांची उंची मोजायचं काम चाललं होतं. नेपाळमध्ये परदेशी मोजणीदारांना जायला परवानगी नव्हती. त्यामुळे खूप लांबून, सपाट मैदानातून दुर्बिणीने शिखराचे कोन मोजून आणायचे आणि त्यावरून उंची काढायची. पण प्रकाश हवेतून येताना किंचित वाकतो. पृथ्वीही गोल. या सगळ्याचा हिशेब धरायचा, तोही कागदावर, हाताने. कुठे एक आकडा चुकला की सगळंच चुकलं. १८५२ साली सिकदारांच्या आकडेमोडीतून दिसलं, की 'शिखर क्रमांक १५' हे जगातल्या सगळ्या शिखरांहून उंच आहे. पुन्हा पुन्हा तपासून १८५६ साली ती उंची जाहीर झाली : २९,००२ फूट. १८६५ मध्ये त्या शिखराला पूर्वीच्या एका मोठ्या इंग्रज अधिकाऱ्याचं नाव दिलं गेलं. हेच ते एव्हरेस्ट!

आता नवल बघा. २०२० साली नेपाळ आणि चीन यांनी उपग्रहांच्या मदतीने मोजलेली एव्हरेस्टची उंची जाहीर केली. ती आहे ८,८४८.८६ मीटर. सिकदारांच्या काळच्या उंचीत आणि हिच्यात फरक किती? फक्त नऊ मीटरच्या आसपास. यंत्राशिवाय, नुसत्या शाई-कागदावर केलेलं गणित!

पुढे विजेची यंत्रं आकडेमोड करू लागली आणि माणसाचं नाव यंत्राला मिळालं. तरी माणसावरचा भरवसा लगेच गेला नाही. १९६२ साली अमेरिकेचा जॉन ग्लेन पृथ्वीप्रदक्षिणेला निघायचा होता. उड्डाणाचं गणित यंत्राने केलं होतं. पण ग्लेन म्हणाला, कॅथरीन जॉन्सनबाईंना ते आकडे हाताने तपासू द्या, त्या बरोबर म्हणाल्या तर मी जायला तयार आहे. जॉन्सनबाई पूर्वी तिथे कॉम्प्युटर या पदावरच लागल्या होत्या. त्यांनी आकडे तपासले, बरोबर निघाले आणि मगच ग्लेन गेला.

आणि शेवटची गंमत. आपल्या शकुंतलादेवींनी १९८० साली लंडनला तेरा-तेरा आकडी दोन संख्यांचा गुणाकार २८ सेकंदांत तोंडी केला. लोक त्यांना कौतुकाने म्हणत 'मानवी कॉम्प्युटर'. जो शब्द मुळात माणसाचाच होता, त्याला आता 'मानवी' असं मुद्दाम जोडावं लागलं! आपला 'संगणक' हा शब्द बघा. संगणक म्हणजे मोजणारा. तो यंत्रालाही चालतो आणि राधानाथांनाही.

उंदीर, पाटी आणि ढेकूळ

राहिलेले शब्द भराभर बघू. 'माउस' म्हणजे उंदीर हे तुम्हाला माहीतच आहे. डग्लस एंगलबर्ट यांच्या कल्पनेतून १९६४ साली पहिला माउस तयार झाला. हाताच्या पंजात मावेल अशी लाकडी पेटी आणि तिला शेपटीसारखी वायर. नाव आपोआपच पडलं. पण इंग्रजीतला माउस आणि संस्कृतातला मूषक ही भावंडं आहेत, हे ठाऊक होतं का? दोन्ही शब्द हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच मूळ शब्दापासून आले आहेत. म्हणजे टेबलावरचा माउस आणि गणपतीबाप्पाचं वाहन एकाच कुळातले!

'टॅब्लेट' म्हणजे लिहिण्याची छोटी पाटी. रोमन मुलं मेण लावलेल्या लाकडी पाटीवर टोकदार काडीने लिहायची आणि मेण सारखं करून ते पुसायची. 'स्क्रोल' म्हणजे लांब कागदाची किंवा चामड्याची गुंडाळी, आपल्या जुन्या जन्मपत्रिकेसारखी. ती एकीकडून उलगडत, दुसरीकडे गुंडाळत वाचायची. पानं बांधलेली पुस्तकं आली आणि गुंडाळी मागे पडली, हळूहळू मेणाची पाटीही. आता तुम्ही काचेच्या टॅब्लेटवर बोटाने स्क्रोल करता ना? दोन हजार वर्षांपूर्वीची पाटी आणि गुंडाळी दोघीही परत आल्या!

आणि 'क्लाउड'? फोनमधले फोटो 'क्लाउडवर' ठेवतात म्हणे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ ढग नव्हताच मुळी. अर्थ होता दगडांचा ढीग, टेकडी! शेतातल्या ढेकळाला इंग्रजीत 'क्लॉड' म्हणतात, तो याचाच नातलग. आकाशातले ढग दुरून खडकांच्या राशीसारखे दिसतात, म्हणून पुढे ढगाला ते नाव मिळालं. आणि आजचं क्लाउड तरी आकाशात कुठे आहे? ते फोटो जमिनीवरच्या मोठमोठ्या इमारतींमधल्या यंत्रांत असतात. अशा इमारती आपल्या नवी मुंबईतही आहेत. म्हणजे दगडावरून आकाशात गेलेला शब्द पुन्हा दगड-सिमेंटच्या भिंतींत आला की नाही?

आपणही तेच करतो

हे फक्त इंग्रजीतच होतं असं समजू नका. नवी वस्तू दिसली, की माणूस तिला ओळखीच्या वस्तूचं नाव देतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी रेल्वे धावली. आपल्या लोकांनी काय म्हटलं? आगगाडी! गाडी ओळखीची, आगही ओळखीची. 'पट' म्हणजे कापड, म्हणून पडद्यावरच्या हलत्या चित्रांना चित्रपट. कंसाने ऐकली ती आकाशवाणी. तोच शब्द रेडिओला किती शोभून दिसला! आणि विमान तर पुष्पक विमानापासून आपल्याकडे आहेच.

म्हणून दोस्तांनो, एखादा नवा शब्द अवघड वाटला तर नुसता घोकू नका. त्याला विचारा, "बाबा रे, पूर्वी तू काय काम करायचास?" बहुतेक वेळा तो कुठल्यातरी शेतकऱ्याचा, खलाशाचा, नाहीतर गाडीवानाचा निघेल. आणि पालकांनो, तुम्हालाही एक विनंती. "आम्हाला इंग्रजी येत नाही" असं मुलांसमोर म्हणून गप्प बसू नका. तुमची कामं मुलांना दाखवा. शब्दांचे अर्थ पुष्कळदा त्या कामांतच असतात.

आता चार कोडी तुमच्यासाठी. आधी स्वतः विचार करा, मगच पुढचं वाचा हं!

१. पूर्वी दुकानदार पावत्या ज्या तारेत किंवा दोऱ्यात ओवून ठेवत, तिच्यावरून संगणकातल्या कशाला नाव मिळालं?
२. पूर्वी जहाजाला वाट दाखवणारा, आता विमान चालवणारा. कोण?
३. आधी उन्हाच्या घड्याळाची तबकडी, मग भिंतीवरच्या घड्याळाची, मग टेलिफोनची. आता तबकडी नाही, तरी आपण नंबर काय करतो?
४. ई-मेलमध्ये 'सीसी' लिहितात. ही अक्षरं कोणत्या निळ्या-काळ्या कागदाची आठवण आहेत?

उत्तरे : १. फाइल. २. पायलट. ३. डायल. ४. कार्बन पेपर. त्याच्यावर निघायची ती कार्बन कॉपी.

हो, एक सांगायचं राहिलंच. पुढच्या सोमवारी त्या मुलीने वही दाखवली. पाच नव्हे, चांगले सहा शब्द होते. पहिला होता 'ब्रॉडकास्ट' आणि पुढे अर्थ लिहिला होता, "आजी मेथी फोकते तसं." शब्दकोशात असा अर्थ नाही. पण मी लाल शाईने त्यावर बरोबरची मोठी खूण केली.